घंटी ऐकायला या

नाही नाही, चादर राहू द्या तशीच, दोरी नका सोडू आत्ता — आधी आत या, हात धुवा, बसा. भिंतीला नीट टेकली आहे ना? मग राहील. सायकल कुठं पळून जातेय! म्हणजे पळणं हेच तिचं काम म्हणा, पण आपली आपण नाही पळत. या. चपला असू द्या हो, फरशी मळली म्हणून ओरडायला इथं आहे कोण. ती निळी खुर्ची घ्या, दुसरीचा पाय हलतो — दुरुस्त करायचीय, दोन वर्षं झाली करायचीच आहे. माणूस येतो कुठं तिच्यावर बसायला! आलंच कोणी तर निळी आहेच. — काय म्हणालात? हो हो, सांगा ना, सगळं सांगा, पण आधी चहा. तुम्ही एवढ्या लांबून ती सायकल टेम्पोत घालून आणलीत, आणि मी दारातच चादर ओढून, पैसे हातावर ठेवून, अच्छा म्हणू? आधी माणूस, मग सायकल. पातेलं मी मघाशीच चढवून ठेवलंय, टेम्पोचा आवाज आला तेव्हाच. खरं सांगू? त्याच्याही आधी. सकाळपासून दोनदा उकळून झालंय पाणी.

मला तर अजून नवल वाटतंय. जाहिरातीत तुम्ही साफ लिहिलं होतं — घेणाऱ्यानं स्वतः येऊन न्यावी. मी म्हटलं, झालं, आता या गुडघ्यानिशी कसा जाणार मी. म्हणून आपलं भीत भीत लिहिलं तुम्हाला, एखाद्या हमालाचा नंबर असला तर द्या म्हणून. तर तुमचं उत्तर काय — "पत्ता द्या, मी स्वतः घेऊन येते." कोण करतं हो असं आजकाल? लोक लिलावात जिंकलेल्या माणसाला घरात घ्यायला तयार नसतात, फाटकातून हँडल पुढं करतात. मी नर्सबाईंना — या समोरच्या दारात राहतात त्या, रात्रपाळी असते त्यांची, आत्ता झोपल्या असतील म्हणून हळू बोलतो — त्यांना म्हटलंही, ताई चांगल्या घरच्या दिसतात. त्या म्हणाल्या, काका, चांगल्या घरच्या असतील नाहीतर घर रिकामं करायच्या घाईत असतील. तोंडाळ आहेत जरा. पण मनानं चांगल्या. साखर एक की दोन?

तिकडे काय बघताय — हां, ती. बैठकीच्या खोलीत सायकल बघून दचकतात लोक. लोक म्हणजे गेल्या वर्षी मीटर बघायला आलेला तो एक. हंस छापच आहे, तुम्ही आणलीत तशीच, बायकांची, मधला दांडा नसलेली. ओळखू येते ना? पुढं तो पितळेचा हंस बघा. कंपनी बंद पडून तीस वर्षं झाली असतील, आता कुणाला नावही सांगून कळत नाही. ही मी सुट्या भागांतून उभी केली. सांगाडा एका माणसाकडून, चाकं दुसऱ्याकडून, मागचं मडगार्ड तिसऱ्याकडून — सगळं त्या लिलावाच्या साइटवरून. चार वर्षं झाली. नाही, चालवत नाही हो! गुडघा बघताय ना. नुसती उभी असते. पुसतो रोज.

थांबा, तुम्हाला एक विचारू? रागावणार नसाल तर. सायकलीचे फोटो कुणी काढले? तुम्हीच? — वाटलंच मला. ताई, सायकलीचा फोटो नेहमी उजव्या बाजूनं काढायचा. चेनच्या बाजूनं. चेन, दातेरी चाक, कव्हर, सगळं त्या बाजूला असतं — घेणारा तेच बघतो. तुम्ही काढले तिन्ही फोटो डावीकडून, तेही अंधाऱ्या पॅसेजमध्ये, आणि हँडल तर चक्क अर्धं कापलेलं! नवरीचा फोटो पाठीमागून काढल्यासारखं. म्हणूनच तुम्हाला भाव कमी आला. मी असा लबाड की तेव्हा बोललो नाही, आता जिंकल्यावर शहाणपण सांगतोय. पण खोटं नाही सांगत, मला वाईट वाटलं. फोटो बघूनच कळलं की विकणाऱ्याला सायकलीतलं कळत नाही, आणि ज्याला कळत होतं तो आता तिथं नाही. — हं? हो, तेच म्हणतोय मी, कुणाची तरी असणारच. बिस्किट घ्या ना.

बोलायची सवय नाही राहिली, म्हणून एकदा सुटलो की थांबत नाही. धंदाही तसाच होता माझा, मुक्याचा. कवळ्या करायचो मी. दातांच्या. सदतीस वर्षं. डॉक्टर वेगळे हो, ते तोंडात बघतात — आम्ही मागच्या खोलीत. आमच्याकडे यायचा डबा, डब्यात प्लॅस्टरचा जबडा, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. बस. बाई की बुवा, गोरा की काळा, हसरा की रडका — काही पत्ता नाही. पण जबडा सांगतो हो सगळं. हा रात्री दात खातो. ही एकाच बाजूनं चावते. याच्या आयुष्यात कुणीतरी याला एक सणसणीत ठोसा दिलाय. महिना महिना एकेका जबड्याशी बसायचो मी, आणि ज्याचा तो, त्याला मी आहे हेसुद्धा ठाऊक नसायचं. एकदा बसमध्ये समोरच्या सीटवर एक गृहस्थ खळखळून हसले आणि मी ओरडलोच — अहो, हे माझे! आमची ही खाली मान घालून बसली. घरी आल्यावर म्हणाली, लोकांच्या तोंडात बघत जाऊ नका, मार खाल एक दिवस. पण मला एकदा पाहिलेली खोड विसरताच येत नाही. एवढासा टवका, एवढीशी झीज — दहा वर्षांनी दाखवा, सांगतो कुठली ते. माणसांची नावं मात्र विसरतो. आहे की नाही गंमत?

ही गेली चार वर्षांपूर्वी. मूलबाळ नाही आम्हाला. एक पुतणी आहे, तिनं तिचा जुना टॅब दिला, म्हणाली, काका, यात सगळं जग आहे. जग कसलं, मला त्यात ती लिलावाची साइट सापडली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी — तसं सुरू झालं ते. काय बघायचं सुचेना म्हणून मी लिहिलं, हंस सायकल. कारण हिची हंस होती. शिवणकामाच्या कारखान्यात जायची ती तिच्यावर, सव्वीस वर्षं. संध्याकाळी कोपऱ्यावर आली की दोनदा घंटी वाजवायची. हंसची घंटी दोन सुरांची असायची, एक वरचा, एक खालचा, दुसऱ्या कुठल्या कंपनीची तशी नसे. ती ऐकली की मी इकडे गॅस पेटवायचो. ती सायकल लावून, कुलूप घालून, वर येईपर्यंत चहा गाळून तयार. सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांना "आले हं" किंवा "चहा टाका" असं म्हटलेलंच नाही. गरजच नव्हती. आणि मग तिची नोकरी सुटली, आम्ही या तळमजल्याच्या घरात आलो, आणि मी ती सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. तिला न विचारता. जागा अडत होती. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. नवव्या दिवशी एवढंच म्हणाली — निदान घंटी काढून ठेवायचीत.

जाऊ द्या. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे. चहा कसा झालाय?

तर सांगत होतो ते फुल्याचं. — आता फुल्या कोण म्हणाल. साइटवर बोली लावणाऱ्याचं नाव पूर्ण दाखवत नाहीत ना, पहिलं अक्षर, मग तीन फुल्या, मग शेवटचा आकडा. शिवीच्या जागी छापतात तशा. याचं होतं ग, तीन फुल्या, सात. मी त्याला फुल्या म्हणायला लागलो. कारण दुसरं कोण नव्हतंच हो! हंसच्या सुट्या भागांवर जगात बोली लावणारे दोनच — एक मी आणि एक फुल्या. बाकी कुणी आला तर उपाहारगृहात भिंतीवर टांगायला जुनं काहीतरी हवं असलेला, दोन बोल्यांत गळायचा. पण फुल्या! खवीस होता तो. लिलाव संपायची वेळ रविवारी दुपारी चार. सबंध आठवडा शांत. तीन एकोणसाठपर्यंत शांत. मी म्हणायचो, आज गेला वाटतं कुठं बाहेर. आणि शेवटच्या दहा सेकंदांत — टक्! वर. आता तिथला नियम असा की शेवटच्या मिनिटाला बोली आली की दोन मिनिटं वाढतात. मग मी वर. मग तो. पुन्हा दोन मिनिटं. एकदा एका चेनकव्हरसाठी आम्ही पाऊण तास खेळलो, दोघंही एकेक रुपयानं चढतोय, कुणी हटेना! शेवटी नेलं त्यानंच. नर्सबाई दार वाजवून विचारायला आल्या, काका, कुणाला एवढ्या शिव्या देताय. मी म्हटलं, मित्राला. तोंडातून निघून गेलं. नंतर मलाच हसू आलं — मित्र म्हणे! ज्याचं अर्धं नाव माहीत नाही तो.

पण खरं सांगू का ताई, आठवड्यातली तेवढीच एक वेळ अशी होती की मी काहीतरी केलं आणि पलीकडून कुणीतरी लगेच उत्तर दिलं. दुधाच्या दुकानात सुटे पैसे परत मिळतात, उत्तर नाही मिळत. रविवारी मी दाढी करून बसायचो. हसा, हसा. टॅबसमोर दाढी करून बसणारा माणूस.

आता चौदा महिन्यांपूर्वीची गोष्ट. ती घंटी निघाली लिलावात. हंसची, दोन सुरांची, पितळेची, वर कोरलेला हंस. सात दिवस मी तो फोटो मोठा करकरून बघितला. वापरून वापरून अंगठ्यानं घासून हंसाची चोच पार गेली होती. मान आहे, पंख आहेत, चोच नाही. आणि कडेला नखाएवढा खोलगट ठोका, उजव्या अंगाला. मी म्हटलं, हीच. हिच्या घंटीचीही चोच गेली होतीच की! तीच असेल असं नाही म्हणत मी, मला कळतं तेवढं, सगळ्यांचेच अंगठे झिजवतात — पण मी ठरवलं, काही झालं तरी ही घ्यायची. हिच्यासाठी ठेवलेले थोडे पैसे होते बाजूला, डोळ्यांच्या ऑपरेशनचे, जे झालंच नाही. ते काढले. चार वाजले. फुल्या आला. मी चढलो, तो चढला, मी चढलो. चार दहा. चार वीस. आणि मग ती रक्कम आली तिच्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतंच. मी बोट टॅबवर ठेवलं होतं, दाबलं नाही. दोन मिनिटं उलटी मोजत गेली. गेली घंटी.

तासाभरानं साइटवर निरोप आला. पहिल्यांदाच. त्याचा. पाठ आहे मला. — "घंटी माझ्याकडे आली. तुम्ही फार मनापासून मागत होतात असं वाटलं. कधीतरी घंटी ऐकायला या." एवढंच. आणि शेवटी गाव नाही, गल्ली नाही, फक्त "या". आता तुम्ही सांगा, चांगल्या माणसाचाच निरोप ना हा? मला आत्ता दिसतंय. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, चिडवतोय. जिंकला वर मीठ चोळतोय. आणि मी लिहिलं — हे कुणालाच नाही सांगितलं मी, नर्सबाईंनासुद्धा नाही — लिहिलं, "घंटी ऐकायला कुणाच्या दारात उभं राहायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही." पाठवलंही. जिभेला हाड नसतं म्हणतात, बोटांनाही नसतं. पाठवल्यावर परत घेता येत नाही तिथं. मी शोधलं.

मग वाटलं, संपलं, आता हा यायचा नाही. पण पुढच्या वेळी पायडलची जोडी निघाली आणि चार वाजता — आला की! मला इतका आनंद झाला की मी हरायचंच विसरलो, जिंकलो. मग कॅरियर जिंकलो. मग सीटच्या स्प्रिंगा. मी म्हटलं, आपले ग्रह फिरले. चार-पाच महिन्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फुल्या शेवटच्या दहा सेकंदांत येतच नव्हता. चारला पाच मिनिटं असताना यायचा, दोनदा चढायचा, आणि थांबायचा. दर वेळी. मला जिंकू देत होता हो तो! नुसता येऊन जायचा. हजेरी लावायला. जसं शेजारी जाता जाता दारावर टिचकी मारतात, आत येत नाहीत, आहात ना एवढंच बघतात. आणि मी? मी एक ओळ लिहू शकलो नाही. किती वेळा टॅब उघडला. "चुकलं माझं" — दोन शब्द. पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाला ते दोन शब्द सगळ्यात जड. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी लिहू. तो कुठं जातोय.

आठ रविवार झाले, फुल्या नाही.

पहिल्यांदा डायनामोची वायर निघाली, कुणी आलं नाही. वाटलं, वायरच ती, काय येणार. मग पुढचा दिवा निघाला — दिव्यावर नाही येत म्हणजे काय! सुरू झाली त्याच रकमेला मला मिळाला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून खूश व्हायला हवं की नाही? मी तो दिवा अजून खोक्यातून काढला नाही. आजारी असेल. टॅब बिघडला असेल. मुलाकडे गेला असेल राहायला, मुलगा असला तर. की माझाच राग आला असेल — चौदा महिन्यांनी? बसल्या बसल्या मी त्याची सगळी घरं उभी केली. कधी बागेतलं, कधी चौथ्या मजल्यावरचं. जबडासुद्धा नाही हो माझ्याकडे त्याचा, नाहीतर सांगितलं असतं काहीतरी!

आणि मग तुमची जाहिरात आली. सबंध हंस! चार वर्षांत एकदाही सबंध निघाली नव्हती. मी म्हटलं, आता येणार. कुठंही असला, आजारी असला, अंथरुणात असला तरी याला उठून यावंच लागेल. मला सायकल नको होती ताई. ठेवणार कुठं? ही एक आहे, तीच जेवणाच्या टेबलाला अडते. मी बोली लावली ती त्याला बोलवायला. मुद्दाम कमी लावली, म्हणजे त्याला चढायला जागा राहील. रविवारी दाढी केली. तीन पंचावन्न. तीन एकोणसाठ. शेवटचे दहा सेकंद मी मोठ्यानं मोजले. आणि — "अभिनंदन, तुम्ही जिंकलात."

रडलो मी. लाज कसली त्यात.

तर आता मुद्द्यावर येतो, तुमचा वेळ फार घेतला. विकणाऱ्याला म्हणे दिसतं, आपली जाहिरात कोणकोण बघून गेलं ते. पूर्ण नावं दिसतात म्हणतात. तुम्ही फक्त एवढं बघा, ग-नं सुरू होणारा, शेवटी सात असलेला कुणी बघून गेला का. बघून गेला असला तर आहे तो. बास, मला एवढंच पुरे. आणि त्याला निरोप पाठवता आला तर — हे घ्या. लिहूनच ठेवलंय, कागदावर, टॅबवर माझं मन लागत नाही. वाचू का? नाही, वाचतोच, अक्षर वाईट आहे माझं. "साहेब, मी तुम्हाला त्या दिवशी वाकडं उत्तर दिलं. माझी बायको घंटी वाजवायची म्हणून मला ती हवी होती. तुमचा दोष नव्हता. माझ्याकडे आता सबंध हंस आली आहे, ती तुम्ही न्यावी, पैसे नकोत. न्यायला आलात तर चहा होईल. आणि तुमच्याकडे बोलावलंत तर मी घंटी ऐकायला येईन. दारात उभा राहीन." — झालं. असं आहे. बरं आहे ना? की शेवटचं वाक्य जास्त होतंय?

अहो, डोळ्यांना काय झालं? पितळेच्या पॉलिशचा वास आहे घरात, झोंबतो सवय नसली की. खिडकी उघडतो. — काय? सायकल बघा म्हणताय? बघू, बघू हो. खरं सांगू, मीच लांबवतोय. एकदा चादर निघाली की तुम्ही पैसे घेणार आणि जाणार, आणि मग आजचा दिवस संपला. पण चला, तुम्हालाही घर असेल. चला. तो कागद ठेवा, असू द्या हातात.

ही दोरी कुणी बांधली? चांगली गाठ आहे. — सुटली. बघा, ही डावी बाजू, फोटोतली. छान आहे, जपलीय, ज्याची होती त्यानं जीव लावलाय. आऱ्यांना आतूनसुद्धा तेल. आता जरा फिरवा हं, मला उजवी बाजू — अशी. हे चेनकव्हर. हे... गंमत आहे. याला वरचा स्क्रू मूळचा नाही, दुसरा बसवलाय, डोक्यावर आडवी खाच. मी पाऊण तास ज्यासाठी खेळलो ना, सांगितलं बघा मघाशी, त्यालाही असाच — असेल, एकासारखी एक खोड असते कधी कधी. हा डायनामो. यावर पिवळ्या रंगाचा थेंब. तोही मी — थांबा. ताई, जरा धरा हं सायकल, माझा गुडघा —

हँडल वळवा इकडे.

चोच नाही.

मान आहे, पंख आहेत, चोच नाही. आणि हा ठोका. नखाएवढा. उजव्या अंगाला.

ही सायकल कुणाची होती?

— आणि मी तुम्हाला मघापासून बोलूच देत नाही. दारात तुम्ही काहीतरी सांगत होतात. चहा घेताना सांगत होतात. खवीस म्हणालो मी त्यांना. तुमच्यासमोर. तुमच्या वडिलांना. — कधी गेले? किती रविवार झाले म्हणालात? ... आठ. म्हणजे तो वायरीचा रविवार. मी इथं वाट बघत होतो, आणि —

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, कुणाकडे आणताय ते. म्हणून स्वतः आलात. त्यांच्या खात्यात असेल सगळं... मग ते माझं उत्तरही असेल. ते एक वाक्य. वाचलंत तुम्ही ते? वाचलंत. आणि तरी आलात घेऊन. दारात.

नका. तो कागद परत नका देऊ. तुमच्याकडेच राहू द्या. कुठं ठेवायचा ते तुम्हाला कळेल, मला नाही कळत.

वाजवायची? मी नाही वाजवत. तुम्ही वाजवा — तुमचा हक्क आहे. दोनदा. पहिला सूर झाला की थोडं थांबा, मग दुसरा.

...

हं.

आत चला. चहा गार झालाय, दुसरा टाकतो — नको, राहू दे चहा. ती निळी खुर्ची घ्या. हलत्या पायाची मी घेतो. त्यांचं सांगा. आवाज कसा होता, दात कुणाचे होते, रविवारी चारला कुठं बसायचे, मला काय म्हणायचे. सगळं सांगा, अगदी सावकाश. मी आता मध्ये बोलत नाही. बोला.